अग्निसुरक्षेचा परवाना कोणासाठी?

जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्रातील हजारो इमारतींच्या कार्यालयांतून एक कागद अग्निशमन दलाकडे रवाना होतो. इमारतीतील आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक यंत्रणा सुस्थितीत असून ती कार्यक्षम आहे, असे त्या कागदावर एका परवानाधारक संस्थेने स्वाक्षरी व शिक्क्यानिशी प्रमाणित केलेले असते. लोकांच्या तोंडी तो 'फॉर्म बी' या नावाने रुळला आहे. कागद पोहोचला की गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस निश्चिंत होतात, हॉटेलमालक निश्चिंत होतो, रुग्णालयाचे व्यवस्थापन निश्चिंत होते. दलाच्या दप्तरातही नोंद पडते. जिन्याच्या कोपऱ्यातील लाल रंगाच्या नळात त्या दिवशी पाणी होते की नाही, हे मात्र बहुतेक वेळा पहिल्या आगीच्या दिवशीच कळते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा डिसेंबर २००८ मध्ये अमलात आला आणि त्याखालील नियम २००९ साली आले. या विषयावर स्वतंत्र कायदा करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. या कायद्याने दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर वा भोगवटादारावर टाकली, ही पहिली. यंत्रणा बसवण्याचे आणि तिची देखभाल करण्याचे काम ऐऱ्यागैऱ्याने करू नये, त्यासाठी शासनाने परवाना दिलेलीच संस्था हवी, ही दुसरी. यंत्रणा बसवून झाल्यावर पूर्ततेचा दाखला आणि पुढे दर सहा महिन्यांनी देखभालीचा दाखला या संस्थेने द्यायचा. प्रत्यक्षात पूर्तता वा देखभाल झालेली नसताना असा दाखला देण्यास कायद्याने स्पष्ट मनाई केली असून कायद्याच्या उल्लंघनास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद आहे.

कायद्याची कलमे वाचून कोणाही सुजाण नागरिकाचे समाधान व्हावे. असे असताना आगीनंतर निघणारा निष्कर्ष वर्षानुवर्षे एकच का असतो? २२ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत करी रोड येथील साठ मजली गगनचुंबी इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. तेथील सुरक्षारक्षक सज्जातून लोंबकळत राहिला आणि अखेर खाली कोसळून मरण पावला. कोट्यवधी रुपयांच्या सदनिका असलेल्या त्या इमारतीची अंतर्गत अग्निशमन यंत्रणा कार्यान्वित नव्हती, असे अग्निशमन दलाने नंतर सांगितले. तीन महिन्यांनी, २२ जानेवारी २०२२ रोजी, ताडदेवच्या वीस मजली इमारतीत किमान सहा जणांचा बळी गेला आणि तेथेही यंत्रणा चालू नसल्याचेच समोर आले. गरिबांच्या वस्तीत साधने नसतात, म्हणून आगी विनाश करतात, असा एक सोयीस्कर समज आहे. या दोन्ही ठिकाणी साधने होती. ती पैसे मोजून बसवलेली होती. मरून पडलेली होती, इतकेच.

यंत्रणा मरते कशी, हे समजून घेतल्याखेरीज परवान्याचा प्रश्न कळणार नाही. उंच इमारतीत तळाशी पाण्याची टाकी, तिच्यापाशी मुख्य पंप, विजेवाचून चालणारा डिझेलचा पंप आणि 'जॉकी' नावाचा एक छोटा पंप असतो. नळातील पाण्याचा दाब सदैव राखणे हे या छोट्या पंपाचे काम. सर्वांत वरच्या मजल्यावरही पाणी सुमारे साडेतीन किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर दाबाने मिळावे, अशी अपेक्षा असते. आता एखाद्या मजल्यावरची झडप थोडी गळू लागली की दाब घटतो, जॉकी पंप आपोआप चालू होतो, पुन्हा बंद होतो, पुन्हा चालू होतो. रात्री त्याच्या आवाजाने पहिल्या मजल्यावरील रहिवाशांची झोपमोड होते, विजेचे देयक फुगते. गळती शोधणे कष्टाचे आणि खर्चाचे. मग कोणीतरी पंपाची कळ 'स्वयंचलित'वरून 'बंद'वर फिरवतो. या क्षणी ती यंत्रणा मेली. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण नळ लालच असतो, काचेच्या पेटीत गुंडाळलेली नळी असते आणि भिंतीवर बाण काढलेली पाटीही असते.

पुढचे मरण हळूहळू येते. पितळी तोट्या चोरीस जातात. डिझेल पंपाची बॅटरी उतरते. छतावरील तुषार-शीर्षांत, ज्यांना सारे 'स्प्रिंकलर' म्हणून ओळखतात, द्रव भरलेली एक इवलीशी काचेची कुपी असते. तांबड्या रंगाची कुपी ६८ अंश सेल्सियस तापमानाला फुटते आणि पाणी मोकळे होते. दिवाळीपूर्वी रंगकाम करणारा कामगार त्या कुपीवरही रंगाचा हात फिरवतो, आणि रंगाच्या थराने ती कुपी वेळेवर तापत नाही, फुटली तरी वाट मोकळी होत नाही. दुकानदार माल थेट छताला टेकवतो. संगणक-कक्षात पाण्याऐवजी विशिष्ट वायू सोडून आग विझवण्याची व्यवस्था असते. तिचा सारा हिशेब बंद खोलीच्या घनफळावर मांडलेला असतो. पण नव्या तारा नेण्यासाठी कोणी भिंतीला दोन भोके पाडली की तो वायू त्या वाटेने निसटतो आणि हिशेब कोसळतो. उपाहारगृहाच्या भटारखान्यात तेल पेटले तर पाणी म्हणजे साक्षात आगीत तेल. तेथे विशिष्ट रसायनाची फवारणी लागते, जी तापलेल्या तेलाशी संयोग पावून साबणासारखा थर धरते.

या प्रत्येक गोष्टीला जाणकार माणूस लागतो. पंपाची जाण असलेल्याला वायुयंत्रणा कळेलच असे नाही. कर्बद्विप्राणिलवायूची यंत्रणा चुकीच्या वेळी सुटली तर आग नसताना आतील माणूस गुदमरून प्राणास मुकू शकतो. म्हणूनच हे काम परवान्याचे ठेवले, आणि तेथेच आजच्या व्यवस्थेतील पहिला दोष दिसतो. परवाना संस्थेला मिळतो. अर्जाबरोबर पात्रतेची आणि अनुभवाची कागदपत्रे जोडणारा एक असतो आणि शिडीवर चढून झडप उघडणारा दुसराच. महिन्याच्या मजुरीवर राबणाऱ्या त्या पोराने हे शिक्षण कोठे घेतले, कोणी त्याची परीक्षा घेतली, हे दाखल्यावर कोठेच येत नाही. ज्या राज्यात नागपूरला १९५७ सालापासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, ज्या राज्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे तालुक्यापर्यंत पोहोचले आहे, तेथे अग्निशमन यंत्रणेच्या तंत्रज्ञाला नाव, ओळखपत्र आणि परीक्षा असू नये, हे खरोखर अनाकलनीय आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. दाखला देणाऱ्याला पैसे कोण देतो? ज्याच्याविषयी दाखला द्यायचा, तोच. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत देखभालीच्या कंत्राटासाठी तीन दरपत्रके येतात. पहिली संस्था म्हणते, पंप उघडावा लागेल, चार झडपा बदलाव्या लागतील, खर्च येईल. दुसरी थोडे कमी सांगते. तिसरी विचारते, 'तुम्हाला दाखला केव्हा हवा?' सभेत टाळ्या कोणाला मिळतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. सभासदांना यात लबाडी वाटत नाही, काटकसर वाटते. प्रामाणिक संस्था पुढील वर्षी एक तर दर पाडते किंवा धंदा सोडते. खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकावते, हा अर्थशास्त्रातील जुना अनुभव येथे तंतोतंत लागू पडतो. त्यात सर्वाधिक भरडला जातो तो मराठी तरुण उद्योजक, ज्याने अभियांत्रिकी पदविका घेऊन, कर्ज काढून, दोन माणसे हाताशी धरून हा व्यवसाय सुरू केला आणि जो खरोखर पाणी सोडून दाब तपासतो. त्याच्या श्रमाचे मोल आणि शिक्का मारणाऱ्याच्या शाईचे मोल आज एकाच भावात मोजले जाते.

देखभाल करणारा आणि प्रमाणित करणारा एकच असावा, ही रचनाच मुळात सदोष आहे. स्वतः सांभाळलेल्या यंत्रणेत दोष असल्याचे लेखी देणे म्हणजे स्वतःच्याच कामावर ठपका ठेवणे. कोणताही व्यापारी आपले हिशेब आपल्याच मुनिमाकडून तपासून घेऊन त्याला लेखापरीक्षण म्हणत नाही. मोठ्या इमारती, रुग्णालये, चित्रपटगृहे, मॉल आणि उपाहारगृहे यांच्यापुरते तरी देखभालीचे कंत्राट एका संस्थेकडे आणि सहामाही दाखला दुसऱ्या, तिच्याशी संबंध नसलेल्या संस्थेकडे असला पाहिजे. ती दुसरी संस्था मालकाने निवडू नये. अग्निशमन दलाने फिरत्या यादीतून नेमावी आणि तिचे शुल्क दलामार्फतच चुकते व्हावे.

यावर ठरलेला आक्षेप असा की, हे सारे म्हणजे परवाना-राज्य मागील दाराने परत आणणे आहे. १९९१ नंतर ज्या जोखडातून उद्योग कसाबसा सुटला, ते जोखड लहान व्यावसायिकाच्या मानेवर पुन्हा का ठेवायचे? निरीक्षक आला की त्याच्यामागे लाचही येते. हा आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाही. सरकारी तपासनिसाचा अनुभव ज्याने घेतला आहे, तो या भीतीला काल्पनिक म्हणणार नाही. परंतु जुन्या परवाना-राज्यात कोणी किती सिमेंट वा किती स्कूटर तयार करायच्या, हे सरकार ठरवत असे. अग्निशमनाच्या परवान्यात संख्येला मर्यादा नाही. जो पात्र ठरेल त्याला परवाना मिळावा. घरातील विजेची जोडणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी लागते आणि त्याच्या कामगारालाही स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, याबद्दल कोणाची तक्रार ऐकू येत नाही. उद्वाहनांसाठी मुंबई प्रांतात १९३९ सालीच कायदा झाला आणि २०१७ साली महाराष्ट्राने तो नव्याने केला. उद्वाहन बिघडले तर रहिवासी त्याच दिवशी चिटणिसाच्या दारात उभे राहतात. अग्निशमन पंप बिघडला तर वर्षभर कोणी विचारत नाही, कारण त्याची गरज रोज पडत नाही. गिऱ्हाईक स्वतः ज्याची पारख करू शकत नाही आणि ज्याचा दोष प्राण गेल्यावरच उघड होतो, अशा सेवेपुरती तरी परवान्याची अट ही बाजाराची शत्रू नसून त्याची राखणदार ठरते.

आणि लाचेचे म्हणाल, तर आजच्या व्यवस्थेत ती थांबली आहे काय? तिने नाव बदलले आहे, इतकेच. आता ती दरपत्रकातच समाविष्ट असते.

कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेविषयी जे नियम घालून दिले, त्यांत आगीला मोठे स्थान आहे. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, कातड्याची पखाल अशी साधने असलीच पाहिजेत आणि नसतील तर पाव पणाचा दंड, असे तो सांगतो. आग विझवण्यास न धावणाऱ्या घरमालकास बारा पण दंड आणि भाडेकरूस त्याच्या निम्मा. हलगर्जीपणामुळे आग लागल्यास चोपन्न पण. दंडाचे हे चढते प्रमाण विचार करण्याजोगे आहे. साधन नसणे हा लहान गुन्हा, संकटात पाठ फिरवणे हा त्याहून मोठा आणि निष्काळजीपणाने आग लावणे हा त्याहूनही मोठा. साधन नसताना 'आहे' असे लिहून देणाऱ्यासाठी मात्र त्याने काही सांगितलेले नाही. बहुधा असा व्यवसाय पुढे निर्माण होईल, अशी त्या चतुर आचार्यालाही कल्पना आली नसावी.

आजच्या कायद्यात त्या गुन्ह्याला नाव आहे आणि शिक्षाही आहे. उणीव आहे ती उगारलेला हात खाली आणण्याची. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बालके दगावली. राज्य हेलावले आणि सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. एप्रिल महिन्यात विरार येथील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आगीने पंधरा रुग्णांचे प्राण घेतले. नोव्हेंबर महिन्यात नगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा तेच. एकाच वर्षात, एकाच राज्यात, आदेशाच्या शाईवर शाई चढत गेली. तत्पूर्वी २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालय पेटले होते आणि पाच जणांनी प्राण गमावले होते. ज्या सरकारने हा कायदा केला त्याच्याच मुख्यालयाचे वरचे मजले तो अमलात आल्यानंतर साडेतीन वर्षांनी खाक झाले. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात चौदा जण गेले. २०२५ च्या मे महिन्यात सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत आठ जण, तर त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला शेजारच्या गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबमध्ये पंचवीस जण. प्रत्येक वेळी मालकाला अटक होते, एखादा अधिकारी निलंबित होतो. यांपैकी काही ठिकाणी मुळात परवानग्यांचाच प्रश्न होता, काही ठिकाणी बांधकामाचा. सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण जेथे यंत्रणा होती आणि चालली नाही, तेथे तिच्या सुस्थितीचा शेवटचा दाखला कोणी व केव्हा दिला होता, हा प्रश्न चौकशीत पहिला असायला हवा. वृत्तपत्रांतून त्याचे उत्तर अभावानेच वाचायला मिळते.

परवानाधारक संस्थांची यादी अग्निशमन सेवा संचालनालय प्रसिद्ध करते. या यादीत कोणाचे नाव आहे हे नागरिकाला समजते, पण कोणाचे नाव का गाळले गेले, हेही समजले पाहिजे. ज्या संस्थेने दिलेला दाखला खोटा निघाला, तिचा परवाना निलंबित झाल्याची नोंद कारणासह त्याच यादीत आली पाहिजे आणि तिच्या संचालकांना नव्या नावाने, भावाच्या वा मेव्हण्याच्या नावाने, पुन्हा अर्ज करता येऊ नये. वास्तविक ही सुधारणा फारशी खर्चिक नाही. इच्छा हवी.

अग्निशमन दलाकडे मनुष्यबळ अपुरे आहे, हे उत्तर नेहमी पुढे केले जाते आणि त्यात तथ्य आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांत घातली. पण अनेक नगरपालिकांना आपले बंब चालते ठेवणेही जड जाते. म्हणून तर सरकारने तपासणीचे काम खाजगी परवानाधारकांवर सोपवले. ते सोपवणे चूक नव्हते. सोपवून निर्धास्त होणे ही चूक झाली. प्रत्येक इमारत दलाने तपासावी, असे कोणीच म्हणत नाही. आलेल्या दाखल्यांपैकी शंभरातील दोन-तीन चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, काही तासांच्या पूर्वसूचनेने त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील नळ उघडावा आणि दाबमापकावर काटा कोठे थांबतो ते पाहावे. कायद्याने तपासणीचा अधिकार दलाला आधीच दिला आहे. आपली इमारत त्या दोन-तीनांत असू शकते, एवढी शक्यता निर्माण झाली तरी दरपत्रकांचे गणित बदलेल. मग वार्षिक सभेत तिसऱ्या संस्थेचे दरपत्रक वाचताना चिटणिसांचा आवाज जरा अडखळेल.

समाजाकडेही एक काम उरते. दाखल्याची प्रत प्रवेशद्वारापाशी, नोटिसांच्या फळ्यावर लावण्याचा आग्रह रहिवाशांनी धरावा, त्यावर तपासणीचा दिवस, प्रत्यक्ष आलेल्या तंत्रज्ञाचे नाव आणि मोजलेला दाब लिहिलेला असावा. रुग्णालयात आप्ताला दाखल करताना डॉक्टरांची पदवी पाहिली जाते, तशी ही फळीही पाहावी. गणेशोत्सव मंडळांना, शाळांना, मंगल कार्यालयांना हे सहज शक्य आहे. आपापल्या परिसरातील संस्थांनी एकत्र येऊन एखाद्या प्रामाणिक परवानाधारकाशी सामुदायिक कंत्राट केले तर खर्चही आटोक्यात राहतो आणि कमी दराच्या मोहाला आळा बसतो.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाच्या स्फोटांत आग विझवण्यास धावलेले ६६ अग्निशमन जवान धारातीर्थी पडले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या सप्ताहात बंबांच्या मिरवणुका निघतात, शाळांतून प्रात्यक्षिके होतात, जवानांना मानवंदना दिली जाते. त्याच सप्ताहात प्रत्येक प्रभागातील दहा इमारतींचे नळ जाहीरपणे उघडण्याचा परिपाठ महापालिकांनी सुरू करावा, आणि जानेवारीतील दाखल्यावर ज्याचा शिक्का आहे, त्या परवानाधारकाला नळापाशी उभे करावे.